पेअरिंग नेमके कुठे अडकले? सेलवर चालणारा मॅटर-थ्रेड सेन्सर जोडताना येणाऱ्या अडचणींचा शोध

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरले आहे हे मोबाइलवर दाखवणारा, सेलवर चालणारा छोटा सेन्सर स्वतः तयार करावा असे पुण्यात अनेकांना वाटते. ज्या शहरात ‘गुरुवारी पाणी बंद’ ही बातमी ठरलेली असते, तेथे तसे वाटणे स्वाभाविकच आहे. बोर्ड मिळतो, तयार उदाहरणातले फर्मवेअर (चिपवर चालणारी आज्ञावली) त्यावर चढते, आणि मग स्मार्ट होम अ‍ॅपमध्ये सेन्सर जोडताना पडद्यावरचे चक्र बराच वेळ फिरून शेवटी ‘उपकरण जोडता आले नाही’ एवढाच निरोप मिळतो. त्या निरोपावरून काहीही कळत नाही, कारण पेअरिंग म्हणजे एकामागून एक पार पडणारे अनेक टप्पे असतात आणि त्यांतला कोणताही टप्पा फसला तरी अ‍ॅप तेच वाक्य दाखवते. म्हणून काहीही बदलण्याआधी, कोणत्या टप्प्यावर गाडी थांबली ते शोधणे हेच दुरुस्तीचे मुख्य काम आहे.

पुढील विवेचन ईएसपी३२-एच२, ईएसपी३२-सी६ किंवा एनआरएफ५२८४० यांसारख्या, थ्रेड (कमी विजेत चालणारे घरगुती बिनतारी जाळे) रेडिओ असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर मॅटरचे (स्मार्ट होम उपकरणांचे सामाईक मानक) फर्मवेअर चालवणाऱ्या वाचकासाठी आहे. वाय-फायवर चालणाऱ्या ईएसपी३२-सी३ सारख्या चिपसाठीही यातला बराचसा भाग लागू पडतो. जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे.

मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि तेव्हापासून जोडणीचा मूळ क्रम बदललेला नाही. नवे उपकरण ब्लूटूथवरून आपली हजेरी जाहीर करते. फोन ती ऐकतो, क्यूआर कोडमधील गुप्त अंकाच्या आधारे उपकरणाशी सुरक्षित संवाद सुरू करतो आणि उपकरणाचे प्रमाणपत्र तपासतो. त्यानंतर तो घरच्या थ्रेड किंवा वाय-फाय नेटवर्कची माहिती उपकरणाला देतो. उपकरण त्या नेटवर्कमध्ये शिरते, तेथे आपले नाव नोंदवते, आणि फोन किंवा हब (घरातली स्मार्ट उपकरणे सांभाळणारे मुख्य यंत्र) त्याला या नव्या वाटेने पुन्हा शोधून ‘जोडणी पूर्ण’ असे कळवतो. हा शेवटचा निरोप येईपर्यंत उपकरणात एक फेल-सेफ घड्याळ चालू असते. ते संपले की मिळालेली सगळी माहिती उपकरण पुसून टाकते आणि पुन्हा ब्लूटूथवर हजेरी देऊ लागते. त्यामुळे सेन्सर अ‍ॅपमध्ये जवळजवळ जोडला गेला आणि मग नाहीसा झाला, तर तो शेवटच्या टप्प्यावर फसला असे समजावे.

लॉग कसा पाहावा

फोनच्या पडद्यावर विसंबून राहू नये. बोर्डाचा सीरियल लॉग (बोर्ड तारेवरून पाठवत असलेली नोंद) संगणकावर उघडून पेअरिंगचा एक संपूर्ण प्रयत्न फाइलमध्ये साठवावा आणि मगच वाचायला बसावे, कारण अक्षरे पळत असताना वाचलेला लॉग नेहमी अर्धवटच समजतो. लॉगमध्ये ‘पेस’ सत्र (कोडच्या आधारे सुरू होणारा सुरक्षित संवाद) स्थापन झाल्याची ओळ आली, तर ब्लूटूथ आणि कोड हे दोन्ही ठीक आहेत. त्यानंतर प्रमाणपत्रांची देवाणघेवाण, मग नेटवर्क जोडण्याचा आदेश आणि शेवटी ‘केस’ सत्र (नव्या नेटवर्कवरून प्रमाणपत्रांच्या आधारे होणारा सुरक्षित संवाद) हा क्रम दिसतो. यांपैकी शेवटची कोणती ओळ दिसली ते पाहिले की शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते. मॅटरच्या लॉगमधील त्रुटीचे क्रमांक सोळा-आधारी पद्धतीने छापलेले असतात. त्यांत ३२ हा क्रमांक वेळ संपल्याचा असतो आणि ‘०बी’ हा मेमरी अपुरी पडल्याचा. वेळ संपल्याची त्रुटी सर्वाधिक दिसते आणि सर्वांत कमी सांगते, म्हणून तिच्यापाशी न थांबता तिच्या आधीच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्यात.

लॉगमध्ये आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी: बोर्ड सुरू होतानाचा मजकूर पेअरिंगच्या मध्येच पुन्हा छापला गेला आहे का? तसे असेल तर बोर्ड रीसेट झाला आहे आणि त्याचे कारण बहुधा विजेचा पुरवठा, वॉचडॉग (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारे घड्याळ) किंवा मेमरीचा गोंधळ यांपैकी एक असते. ईएसपी३२ कुटुंबातील चिप पुरवठ्याचा विद्युत दाब (व्होल्टेज) घसरल्यास ‘ब्राउनआउट’ शब्द असलेली ओळ छापतात. ती दिसली तर बाकी सगळे बाजूला ठेवून थेट विजेकडे वळावे.

ईएसपी३२-सी६ आणि एच२ या चिपमध्ये यूएसबी-सीरियलची सोय आतच असल्यामुळे वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही, परंतु चिप लाइट स्लीपमध्ये गेली की ही यूएसबी जोडणीही तुटते आणि नेमका हवा असलेला लॉग मध्येच थांबतो. अशा वेळी बोर्ड हँग झाला असा समज होतो, पण तो केवळ झोपलेला असतो. यावर उपाय म्हणून ३.३ व्होल्टचा साधा यूएआरटी (सीरियल जोडणीचा) अ‍ॅडॉप्टर वापरावा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा कोणत्याही ऑनलाइन दुकानात तो सहज मिळतो. फक्त त्यावरचा जंपर ५ व्होल्टवर नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

वीज: सर्वांत दुर्लक्षित कारण

‘लॅपटॉपला लावले की पेअर होते, सेलवर होत नाही’ हे वाक्य ऐकू आले की फर्मवेअरची फाइल बंद करावी. पेअरिंग हा सेन्सरच्या आयुष्यातला सर्वांत जास्त वीज खाणारा काळ असतो: ब्लूटूथ सतत बोलत असते, प्रोसेसर लांबलचक गूढलेखनाची गणिते करत असतो, आणि नेटवर्कची माहिती मिळताच थ्रेडचा रेडिओही जागा होतो. एरवी काही मायक्रोअँपिअरवर झोपणारा बोर्ड या काही सेकंदांत हजारो पट जास्त प्रवाह मागतो.

येथे चिपची निवड आडवी येते. एनआरएफ५२८४० ही चिप दाब १.७ व्होल्टपर्यंत उतरला तरी चालते, त्यामुळे तिला दोन डबल-ए सेल थेट लावता येतात आणि ते पुरते रिकामे होईपर्यंत वापरता येतात. ईएसपी३२-एच२ आणि सी६ यांना मात्र किमान ३.० व्होल्ट लागतात. दोन नव्या अल्कलाइन सेलचा एकत्र दाब ३ व्होल्टच्या थोडा वर असतो आणि थोड्याच वापरानंतर तो खाली येतो. म्हणजे सेल जवळजवळ भरलेले असतानाच चिपच्या दृष्टीने ते संपलेले असतात. चार्ज होणारे निकेलचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, त्यामुळे दोघांचे मिळून २.४ व्होल्ट झाले. ते ईएसपी३२ च्या कामाचेच नाहीत. अशा बोर्डाला बूस्ट कन्व्हर्टर (दाब वाढवणारे सर्किट) लावावा, किंवा नाममात्र ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल वापरावा. माझ्या मते गच्चीवरच्या सेन्सरसाठी हा सेल सर्वांत निर्धोक आहे, कारण मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या डबीत इतर लिथियम सेल ठेवणे मनाला पटत नाही.

बटन सेलचा मोह अनेकांना होतो. सीआर२०३२ मध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो, पण तो अगदी थोड्या प्रवाहाने हळूहळू काढायचा असतो. त्याचा अंतर्गत रोध जास्त असल्याने मोठा झटका बसताच दाब कोसळतो. काटकसरीने लिहिलेले थ्रेडचे फर्मवेअर एनआरएफ५२८४० वर या सेलवर चालू शकते. वाय-फायचा प्रश्नच येत नाही, कारण ईएसपी३२ चा वाय-फाय रेडिओ बोलतो तेव्हा प्रवाह ३०० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. सेल कोणताही असो, चिपच्या वीज पिनांजवळ १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कमी रोधाचा कपॅसिटर लावून पाहावा. केवळ तेवढ्याने पेअरिंग होऊ लागले, तर रोगाचे निदान झाले असे समजावे. कपॅसिटरची गळती मात्र तपासावी, कारण स्वस्त इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची गळती झोपलेल्या चिपच्या वापरापेक्षा जास्त असू शकते.

बाजारातील पुष्कळ बोर्डांवर १११७ जातीचा रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारा भाग) असतो. त्याला आत येणारा दाब बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे एक व्होल्ट जास्त लागतो आणि तो स्वतःच काही मिलिअँपिअर खातो. तेव्हा असा बोर्ड ‘लो-पॉवर’ म्हणून विकला जात असला तरी तो सेलवर महिनोन्‌महिने चालणार नाही. पेअरिंगच्या प्रयोगांसाठी तो चालेल. अंतिम जोडणीत तो रेग्युलेटर वगळावाच लागतो.

मोजमाप करताना दोन फसव्या जागा लक्षात ठेवाव्यात. पहिली मल्टिमीटरची: मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर त्याच्या आतला रोध बराच असतो, त्यामुळे रेडिओ जागा होताच मीटरवरच दाब पडतो आणि बोर्ड रीसेट होतो. मीटर काढला की सगळे सुरळीत चालते आणि मोजणारा चक्रावतो. शक्य असल्यास नॉर्डिकचे पॉवर प्रोफायलर किट वापरावे, किंवा पुरवठ्याच्या तारेत १ ओहमचा रोध टाकून त्यावरचा दाब ऑसिलोस्कोपवर पाहावा; १० मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्ट असा सरळ हिशोब मिळतो.

दुसरी फसवी जागा यूएआरटी अ‍ॅडॉप्टरची आहे. सेलवर चालणाऱ्या बोर्डाचा लॉग पाहताना अ‍ॅडॉप्टरची वीज-तार जोडायची नसते हे सर्वांना माहीत असते, पण अ‍ॅडॉप्टरची पाठवणारी तार बोर्डाच्या ऐकणाऱ्या पिनला जोडलेली असली, तर त्या पिनच्या संरक्षक डायोडमधून बोर्डाला चोरवाटेने वीज मिळत राहते. मग सेल काढला तरी बोर्डावरचा दिवा मिणमिणतो, आणि पुरवठ्याची चाचणी फोल ठरते. म्हणून फक्त ग्राउंड आणि बोर्डाकडून संगणकाकडे जाणारी अशा दोनच तारा जोडाव्यात.

ब्लूटूथ आणि कोड

वीज नीट आहे, तरीही लॉगमध्ये फोनकडून काहीच येत नाही, तर प्रश्न ब्लूटूथचा आहे. फोनमध्ये नॉर्डिकचे एनआरएफ कनेक्ट हे मोफत अ‍ॅप टाकून स्कॅन करावे. मॅटरची हजेरी ‘एफएफएफ६’ या सेवाक्रमांकाखाली दिसते आणि उदाहरणांच्या फर्मवेअरमध्ये नाव बहुधा ‘मॅटर-३८४०’ असे असते. ती अजिबात दिसत नसेल तर तीन शक्यता पाहाव्यात: हजेरीची मुदत संपली आहे, उपकरण आधीच कोणाशी तरी जोडलेले आहे, किंवा चिप झोपली आहे. उपकरण पहिली ३० सेकंदे जलद हजेरी देते, पुढे संथ गतीने देते आणि साधारण १५ मिनिटांनी थांबते. म्हणून बोर्ड चालू करून चहा करायला गेल्यास परत आल्यावर तो न सापडण्याची शक्यता असते. रीसेट करून लगेच स्कॅन करावे.

आधीच जोडलेले असण्याची शक्यता सर्वाधिक फसवते. एकदा एका हबशी जोडणी झाली की उपकरण ब्लूटूथवरची हजेरी थांबवते. तेच उपकरण दुसऱ्या अ‍ॅपमध्येही हवे असेल, तर पहिल्या अ‍ॅपमधून जोडणीची खिडकी पुन्हा उघडावी लागते आणि त्या वेळी मिळणारा नवा कोड वापरावा लागतो. डबीवर चिकटवलेला मूळ कोड तेव्हा चालत नाही. मॅटरनुसार प्रत्येक उपकरणाने किमान पाच वेगवेगळ्या जोडण्या सांभाळायच्या असतात, त्यामुळे घरात दोन कंपन्यांचे हब असणे ही अडचण नाही.

चिप झोपण्याबाबत नियम सोपा आहे: जोडणी पूर्ण होईपर्यंत डीप स्लीप बंद ठेवावी. डीप स्लीपमध्ये बहुतेक रॅम आणि ब्लूटूथची जोडणी दोन्ही जातात, आणि ‘दर मिनिटाला जागे व्हा, मोजा, झोपा’ अशी सवय लावलेले फर्मवेअर पेअरिंगच्या मध्येच झोपी जाते. फर्मवेअरमध्ये जोडणी झाली आहे का हे तपासून मगच झोपेचा निर्णय घेणारी अट हवी.

कोडकडे वळू. उदाहरणांमधील चाचणी-कोड २०२०२०२१ हा असतो आणि ओळखक्रमांक ३८४०. दोन बोर्डांवर तेच उदाहरण चढवून दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले, तर फोन कोणाशी बोलेल याचा भरवसा नाही. सोसायटीत शेजाऱ्याचाही असा एखादा प्रयोग चालू असू शकतो. स्वतःचा कोड ठरवताना १२३४५६७८, ८७६५४३२१ आणि एकच अंक आठ वेळा असलेले कोड मॅटरने बाद ठरवले आहेत हे ध्यानात ठेवावे. ओळखक्रमांक १२ बिटांचा असला तरी हाताने टाकायच्या अकरा अंकी कोडमध्ये त्याचे वरचे चारच बिट असतात. म्हणजे ३८४० आणि ३८५० हे क्रमांक क्यूआर कोडने वेगळे ओळखले जातात, हाताने टाकलेल्या कोडने ओळखले जात नाहीत. त्यामुळे जेथे शक्य आहे तेथे क्यूआर कोडच स्कॅन करावा. कोड चुकीचा असेल तर पेस सत्र स्थापन होत नाही, आणि वीस चुकीच्या प्रयत्नांनंतर उपकरण जोडणीची खिडकी स्वतःहून बंद करते.

प्रमाणपत्राचा टप्पा

घरी बनवलेल्या उपकरणाचे प्रमाणपत्र चाचणीचे असते, त्यामुळे येथे प्रत्येक अ‍ॅपचे वागणे वेगळे असते. अ‍ॅपलचे होम अ‍ॅप उपकरण प्रमाणित नसल्याचा इशारा देते आणि तरीही जोडण्याची परवानगी देते. गुगल होमला मात्र आधी त्याच्या डेव्हलपर कन्सोलमध्ये एक प्रकल्प उघडून त्यात उपकरणाचे विक्रेता आणि उत्पादन क्रमांक नोंदवावे लागतात, आणि फोनमध्येही तेच खाते असावे लागते. पेस सत्र झाल्यावर काही क्षणांतच जोडणी तुटत असेल, तर ही नोंद पहिल्यांदा तपासावी. फोनला वगळून पाहायचे असल्यास लॅपटॉपवर चिप-टूल (मॅटर उपकरणे जोडून पाहण्याचे साधन) चालवावे. त्यात प्रमाणपत्राची तपासणी सोडून देण्याचा पर्याय आहे. चिप-टूलने उपकरण जोडले गेले आणि फोनने नाही, तर अडचण बहुधा प्रमाणपत्रात किंवा फोनच्या बाजूला आहे.

नेटवर्कमध्ये शिरताना

वाय-फायच्या चिपबाबत थोडक्यात सांगता येईल. ईएसपी३२-सी३ आणि सी६ यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते, म्हणून राउटरवर हा पट्टा चालू असावा आणि उपकरण गेस्ट नेटवर्कवर जाऊ नये. राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाची सोय चालू असेल, तर उपकरण नेटवर्कमध्ये शिरते पण फोनला दिसत नाही. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेल्या राउटरमध्ये ती आपल्या नकळत चालू असू शकते.

थ्रेडमध्ये पहिला प्रश्न असा की घरात थ्रेड नेटवर्क कोणते आणि किती आहेत. होमपॉड मिनी, दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवलेला ओपनथ्रेड (थ्रेडची मुक्त आज्ञावली) बॉर्डर राउटर (थ्रेड आणि घरचे नेटवर्क यांना जोडणारे यंत्र), यांपैकी प्रत्येक जण स्वतःचे स्वतंत्र नेटवर्क उभे करू शकतो. फोन ज्या नेटवर्कची माहिती देतो त्या नेटवर्कचा राउटर दिवाणखान्यात असेल आणि आपला सेन्सर गच्चीवर असेल, तर शेजारच्याच खोलीत दुसरा बॉर्डर राउटर असूनही उपयोग होत नाही. होम असिस्टंट (स्वतःच्या संगणकावर चालवायची स्मार्ट होम प्रणाली) वापरणाऱ्यांनी अँड्रॉइडवरील साथी-अ‍ॅपमधून थ्रेडची माहिती फोनशी जुळवून घ्यावी. हे न केल्यामुळे होणारा गोंधळ फार मोठा आहे आणि लॉगमध्ये तो केवळ ‘नेटवर्क सापडले नाही’ असाच दिसतो.

उपकरणावर ओपनथ्रेडची कमांड लाइन चालू ठेवली असेल, तर ‘स्टेट’ हा आदेश देऊन पाहावे. ‘चाइल्ड’ असे उत्तर आले तर सेन्सर नेटवर्कमध्ये आहे. ‘डिटॅच्ड’ आले तर त्याला कोणताही राउटर ऐकू येत नाही किंवा त्याच्याकडची नेटवर्कची किल्ली चुकीची आहे. ‘पेरेंट’ (सेन्सर ज्याच्यामार्फत बोलतो तो राउटर) या आदेशाने दोन्ही दिशांची सिग्नलची प्रत शून्य ते तीन या अंकांत दिसते. हे अंक कमी दिसले तर अँटेनाचा संशय घ्यावा: बोर्डाचा अँटेनाकडचा कोपरा ब्रेडबोर्डच्या धातूच्या पट्ट्यांवर, सेलच्या डबीवर किंवा टेबलावरच्या लोखंडी पट्टीवर टेकलेला असतो. ब्रेडबोर्ड मला एकूणच रेडिओच्या कामाला अयोग्य वाटतो. निदान अँटेना तरी त्याच्या बाहेर हवेत राहील असा बोर्ड बसवावा.

वाय-फायची गर्दी हा पुण्याच्या सोसायट्यांमधला खरा प्रश्न आहे. कोथरूड किंवा बाणेरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये स्कॅन केले की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची लांबलचक यादी समोर येते. थ्रेड त्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ११ ते २६ या चॅनेलवर चालते. वाय-फाय १, ६ आणि ११ या चॅनेलवर असेल, तर थ्रेडची १५, २०, २५ आणि २६ ही चॅनेल त्यांच्या मधल्या किंवा कडेच्या मोकळ्या जागेत पडतात. बॉर्डर राउटरचे चॅनेल बदलता येत असेल तर ते यांपैकी एक ठेवावे. येत नसेल तर स्वतःचा वाय-फाय राउटर ‘ऑटो’वरून काढून थ्रेडपासून दूरच्या चॅनेलवर पक्का करावा.

आता सर्वांत चिवट अडचण. सेन्सर नेटवर्कमध्ये शिरला, ‘स्टेट’ही चाइल्ड दाखवतो, आणि तरीही फोन ‘शोधत आहे’ म्हणत वेळ संपवतो. या टप्प्यावर सेन्सर बॉर्डर राउटरकडे आपले नाव नोंदवतो आणि बॉर्डर राउटर ते घरच्या नेटवर्कवर मल्टिकास्टने (सर्वांना एकदम जाणाऱ्या निरोपाने) जाहीर करतो. राउटरमध्ये मल्टिकास्ट गाळण्याची सोय चालू असेल, तर ती तात्पुरती बंद करून पाहावी. फोन आणि बॉर्डर राउटर एकाच नेटवर्कवर असावेत, आणि फोनवरचे व्हीपीएन बंद असावे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांच्या फोनमध्ये कंपनीचे व्हीपीएन सतत चालू असू शकते, हे येथे आठवावे. राउटरवर आयपीव्ही६ बंद केलेले असेल तर तेही चालू करावे. लिनक्सवर होम असिस्टंट चालवत असल्यास बॉर्डर राउटरने जाहीर केलेले आयपीव्ही६ मार्ग स्वीकारण्याची कर्नलची सोय चालू आहे का ते पाहावे, नाहीतर सेन्सरचे नाव कळते पण तेथपर्यंत पोहोचण्याची वाट कळत नाही.

पुसण्याचेही दुष्परिणाम

प्रत्येक अपयशानंतर संपूर्ण फ्लॅश पुसण्याची सवय अनेकांना असते आणि तिच्यामुळे दोन नवे घोटाळे तयार होतात. पहिला असा की ईएसपी३२ च्या फर्मवेअरमध्ये स्वतःचा कोड आणि प्रमाणपत्र वेगळ्या फॅक्टरी विभागात ठेवले असेल, तर तेही पुसले जाते. तो विभाग पुन्हा चढवला नाही तर डबीवरचा क्यूआर कोड निरर्थक होतो. दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. बॉर्डर राउटरकडे नाव नोंदवताना सेन्सर एका किल्लीने सही करतो, आणि ओपनथ्रेडमध्ये ही किल्ली त्या नावाशी १४ दिवस बांधलेली राहते. फ्लॅश पुसल्यावर किल्ली नवी होते पण चिपच्या पत्त्यावरून बनलेले नाव जुनेच राहिले, तर बॉर्डर राउटर दुसऱ्याचे नाव घेतल्याचे मानून नोंदणी नाकारतो. लॉगमध्ये ‘डुप्लिकेट’ अशा अर्थाची त्रुटी दिसली तर बॉर्डर राउटर बंद करून चालू करावा, म्हणजे त्याची जुनी नोंद जाते. एरवी पूर्ण फ्लॅश पुसण्याऐवजी फर्मवेअरमधील फॅक्टरी रीसेट वापरावा. तो नेमके जेवढे विसरायला हवे तेवढेच विसरतो. अ‍ॅपमधून उपकरण काढून टाकताना ते जागे आणि पोहोचण्याजोगे असावे, नाहीतर अ‍ॅप ते विसरते आणि उपकरण मात्र स्वतःला जोडलेलेच समजून गप्प बसते.

जोडणी झाल्यानंतरची झोप

जोडणी झाली, अ‍ॅपमध्ये टाकीचे चित्र दिसले, आणि तासाभराने ‘उपकरण उत्तर देत नाही’ असे आले, तर झोपेचे गणित तपासावे. थ्रेडवर झोपणारा सेन्सर स्वतः सतत ऐकत नाही. त्याचे निरोप त्याचा पेरेंट राउटर सांभाळतो आणि सेन्सर ठरावीक वेळाने येऊन ते मागून घेतो, सोसायटीचा वॉचमन घरी नसलेल्या माणसाचे पार्सल ठेवून घेतो तसेच. ओपनथ्रेडच्या मूळ मांडणीत सेन्सर २४० सेकंद फिरकला नाही, तर राउटर त्याला यादीतून काढून टाकतो. झोप त्याहून लांब हवी असेल तर ही मुदत फर्मवेअरमध्ये वाढवावी. मॅटरच्या बाजूने पाहता, दर १५ सेकंदांच्या आत विचारपूस करणाऱ्या उपकरणाला बहुतेक हब सांभाळतात; त्याहून लांब झोपणाऱ्या उपकरणाला चेक-इनची वेगळी पद्धत लागते आणि ती हबलाही यावी लागते. पहिल्या जोडणीला ही लांब झोप वापरू नये. आधी दर पाच सेकंदांनी जागे ठेवून सगळे जुळवावे आणि मग एकेक पायरीने अंतर वाढवून सेलचा खर्च मोजावा.

वीज गेल्यावर काय होते, तेही एकदा घडवून पाहावे. बॉर्डर राउटर बंद झाला की सेन्सर चालूच राहतो, पेरेंट हरवल्याचे त्याला कळते आणि तो नवा पेरेंट शोधू लागतो. या शोधात रेडिओ जास्त वेळ जागा राहतो आणि सेलचा खर्च वाढतो. ज्या भागात वीज वरचेवर जाते तेथे बॉर्डर राउटर आणि वाय-फाय राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

सेन्सर टेबलावर जोडून मगच गच्चीवर न्यावा. वर नेल्यावर तो जुना पेरेंट सोडून नवा शोधेपर्यंत थोडा वेळ जाईल, तोपर्यंत अ‍ॅपमधून तो काढून टाकू नये. आरसीसीचा स्लॅब आणि पाण्याने भरलेली टाकी ही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची मोठी शत्रू आहेत, म्हणून डबी टाकीच्या झाकणाजवळ, जिन्याच्या बाजूला बसवावी आणि सिग्नलची प्रत टाकी भरलेली असतानाच तपासावी. टाकी रिकामी असताना सगळे उत्तम दिसते आणि पाणी भरल्यावर संपर्क तुटतो. सिग्नल अपुरा पडत असेल तर जिन्याच्या वरच्या मजल्यावर विजेवर चालणारा थ्रेडचा स्मार्ट प्लग लावावा, तो राउटरचे काम करतो. खरेदी करताना खोक्यावर थ्रेडचे नाव आहे का ते पाहावे, कारण नुसत्या वाय-फायवर चालणाऱ्या प्लगचा येथे काहीही उपयोग नाही. पावसाळ्याआधी डबीच्या तोंडाला रबरी गॅस्केट लावावी, तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात, आणि क्यूआर कोडची एक प्रत डबीच्या आत व दुसरी घरातल्या मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवावी.